थायलंडला जाताय? बाथ घ्यायच्या आधी एवढं वाचा

दिवाळीच्या सुट्टीत थायलंड ठरलं की घरात पहिले दोन प्रश्न येतात, तिकडे खायचं काय आणि पैसे कसे न्यायचे. खाण्याचं काहीतरी होतं, ठेपले आणि भाकरवडी बॅगेत जातातच. पैशांचं मात्र बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात स्टेशनजवळच्या फॉरेक्सवाल्याकडे, म्हणजे परदेशी चलन विकणाऱ्याकडे जातात, तो सांगेल त्या भावाने बाथ (थायलंडचं चलन) घेतात आणि मोकळे होतात. पहिल्या वेळी आम्हीही तेच केलं. त्यानंतर दोनदा बँकॉक, एकदा दुबई, एकदा बाली झालं आणि आता माहेरचं, सासरचं, सोसायटीतलं कुणीही निघालं की आधी मला फोन येतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी रेट म्हणजे काय ते बघू, कारण गडबड तिथेच होते. गुगलवर डॉलरचा भाव टाकला की जो आकडा येतो तो बँकांच्या आपसातल्या मोठ्या व्यवहारांचा मधला भाव असतो, तो तुम्हाला मला कुणी देत नाही. पण तो आपली फूटपट्टी आहे, त्याच्यापासून आपण किती लांब आहोत ते मोजायचं. आणि मोजायची पद्धत एकच: खात्यातून एकूण किती रुपये गेले आणि हातात किती बाथ आले, भागाकार करा. कमिशन, जीएसटी, डिलिव्हरी, एटीएमची फी सगळं त्या एका आकड्यात येतं. झिरो कमिशनची पाटी बघून खूश होऊ नका, ज्याने कमिशन काढलंय त्याने ते रेटमध्ये घातलेलं असू शकतं, म्हणून पाटी नाही, भागाकार बघायचा. बोर्डावर बाय आणि सेल असे दोन रेट असतात ते दुकानदाराच्या बाजूने असतात हेही लक्षात ठेवा. थायलंडला मी इथून डॉलर नेते आणि तिकडे त्याचे बाथ करते, का ते पुढे येतंच. इथे आपण डॉलर घेतो म्हणजे तो विकतो, आपल्याला सेल लागू. तिकडे बँकॉकला आपण डॉलर देतो म्हणजे तो घेतो, तिथे बाय बघायचा.

आता खरा हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही निघाल त्या दिवशीचे टाकून बघा. समजा गुगलवर डॉलर ९० रुपये आहे आणि एका डॉलरला ३२ बाथ मिळतात, म्हणजे एक बाथ साधारण २ रुपये ८१ पैसे. इथला दुकानदार बाथ ३ रुपयांना देतोय. ऐकायला फरक एकोणीस पैशांचा, त्यात काय मोठंसं असं वाटतं. तोच दुकानदार डॉलर ९०.९० ला देतोय. १०० च्या अकरा नोटा घेतल्या तर ९९,९९० रुपये लागले, ते ११०० डॉलर बँकॉकच्या चांगल्या काउंटरवर ३१.८५ ने दिले तर हातात ३५,०३५ बाथ. तेवढ्याच रुपयांचे बाथ इथेच घेतले असते तर ३३,३३० आले असते. फरक १,७०५ बाथ, म्हणजे जवळजवळ ४,८०० रुपये. चार जणांचं एक चांगलं जेवण आणि वर नदीतली बोटीची फेरी, नुसतं डॉलर मधे घातल्यामुळे.

दोनदा बदलायचं म्हणजे दोनदा तोटा ना, असं सगळे विचारतात. बरोबर आहे, दोनदा तोटा होतो, पण दोन लहान तोटे मिळून एका मोठ्या तोट्यापेक्षा कमी पडतात. डॉलर रोज हजारो लोक घेतात, विकतात, त्यामुळे घेण्या-विकण्यातली फट बारीक. बाथ इथल्या दुकानदाराला मागवून ठेवावे लागतात, पडून राहिले तर त्याचे पैसे अडकतात, म्हणून तो भरपूर मार्जिन ठेवतो, त्याचंही चुकत नाही. बँकॉकमध्ये मात्र डॉलर कुणालाही हवेच असतात.

आता इथे डॉलर चांगल्या भावात कसे घ्यायचे. एका दुकानात जाऊन उभं राहू नका, तीन-चार ठिकाणी फोन करा. आणि फोनवर "आज डॉलर कसा आहे" असं विचारू नका, कारण मग तो एक सुंदर आकडा सांगेल आणि दुकानात गेल्यावर त्यात हे धरा, ते धरा सुरू होईल. मी असं विचारते: "अकराशे डॉलर कॅश हव्यात, सगळ्या १०० च्या नोटा, जीएसटी आणि डिलिव्हरी धरून मला एकूण किती रुपये ट्रान्सफर करायचेत?" हा एक आकडा चौघांकडून घेतला की उत्तर समोर असतं. मग ज्याचं दुकान जवळ आहे त्याला सांगायचं की दुसरीकडे वीस पैसे कमी मिळतायत, बघा जमतंय का. बऱ्याचदा जमतं. या धंद्यात सगळं पैशात चालतं, वीस पैसे म्हणजे हजार डॉलरला दोनशे रुपये, लाजायचं काही कारण नाही, भाजीवाल्याकडे आपण दहा रुपयांसाठी जास्त बोलतो.

जीएसटीच्या नावाखाली कुणी मोठा आकडा सांगितला तर थांबा. १८ टक्के पूर्ण रकमेवर लागत नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये. अगदी छोटा व्यवहार असला तरी कमीत कमी ४५ रुपये. याच्या वर काही लावलं तर ते काय आहे ते लिहून मागा आणि बिल घ्याच, परत आल्यावर उरलेले विकायला तेच लागतं.

कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तिथे व्हिसा. रोख रुपये ५० हजारांपर्यंतच चालतात, त्यावर चेक किंवा खात्यातून. आणि एका ट्रिपला माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, काही मोजके देश सोडले तर, बाकीचं कार्डावर. साध्या फॅमिली ट्रिपला तेवढे लागतही नाहीत. वर्षाला परदेशी पैसे न्यायची-पाठवायची अडीच लाख डॉलरची जी मर्यादा आहे तिच्याशी तर आपला संबंधच येत नाही. टीसीएसची, म्हणजे फॉरेक्स घेतानाच कापून घेतल्या जाणाऱ्या कराची, भीती पण लोकांना फार असते, १ एप्रिल २०२५ पासून त्याची मर्यादा वर्षाला १० लाख रुपये झालीय, त्याच्या आत फॉरेक्स घेतलं तर टीसीएस नाही. पॅकेज टूरचा नियम वेगळा आहे, ते टूरवाल्याकडून लेखी घ्या. आणि कापला गेला तरी रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो, बुडत नाही.

शनिवार-रविवारी शक्यतो घेऊ नका. बाजार बंद असतो, सोमवारी भाव कुठे उघडेल माहीत नाही म्हणून दुकानदार स्वतःला सांभाळून रेट लावतो. मंगळवार-बुधवारी दुपारी फोन केलात तर बरा मिळतो. मात्र डॉलर अजून खाली येईल म्हणून महिनाभर वाट बघत बसणं याला अर्थ नाही, ते कुणालाच कळत नाही. त्यापेक्षा निम्मे आधी, निम्मे जायच्या आठवड्यात घेतले की मन शांत राहतं.

नोटांबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे आमचं नुकसान झालंय. दुसऱ्या वेळी सासूबाई बरोबर होत्या आणि त्यांच्याकडे तीनशे डॉलर मी सुरक्षित म्हणून दिले होते. त्यांनी काळजीने प्रत्येक नोटेची चौघडी घालून, रुमालात बांधून, बटव्यात अगदी तळाशी ठेवली, आपण देवळात जाताना ठेवतो तशी. बँकॉकच्या काउंटरवरच्या मुलीने नोट उघडली, दिव्याखाली धरली, घडीच्या रेषेवरून बोट फिरवलं आणि हसून परत सरकवली. दुसरीवर आपल्याकडच्या कुणीतरी पेनाने बारीक आकडा लिहिला होता, तीही परत. तिसरी घेतली. दोनशे डॉलर आम्ही तसेच परत आणले. तेव्हापासून मी डॉलर घेताना दुकानातच एकेक नोट बघते, पेनाची खूण, शिक्का, टाचणीचं भोक, फाटका कोपरा, काहीही असलं तर तिथेच बदलून मागते. नेताना जुन्या डायरीच्या पानांत सपाट ठेवायच्या, घडी अजिबात नाही. आणि शक्यतो १०० च्याच नोटा, कारण तिकडे बोर्डावर १०० आणि ५० ला वेगळा रेट, २०-१०-५ ला कमी, आणि एकच्या नोटांना त्याहून कमी असतो. टिपांसाठी म्हणून इथून एक-एकच्या नोटांचं बंडल नेणारे बघितलेत मी, टिपेला २० बाथची नोट द्या ना.

बँकॉकला सुवर्णभूमीला उतरल्यावर सामान घेतलं की समोरच चकचकीत काउंटर दिसतात. तिथे घेऊ नका, किंवा टॅक्सीपुरतेच घ्या. लिफ्टने सगळ्यात खाली बी मजल्यावर जा, एअरपोर्ट रेल लिंकच्या स्टेशनाशेजारी पैसे बदलून देणारी छोटी-छोटी काउंटर आहेत, सुपररिच नावाचं तिथेच, रेट शहरातल्याच्या जवळपास असतो. वरच्या आणि खालच्या मजल्यात एका डॉलरला दोन-तीन बाथचाही फरक मी बघितलाय, एकाच इमारतीत! शहरात जाऊन बदलायचे असतील तर राजदामरी भागात सुपररिचची मोठी दुकानं आहेत, नारिंगी पाटीची आणि हिरव्या पाटीची, या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, दोन्ही चांगल्या, थोडं चालून दोन्हींचा बोर्ड बघा. मूळ पासपोर्ट लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून गेलात तर परत फिरावं लागेल. पैसे मिळाले की तिथेच मोजा, रांगेतल्या लोकांची पर्वा करू नका. रुपये पण घेतात ते, पण त्याचा रेट डॉलरइतका चांगला नसतो, त्यामुळे इथून रुपयांचे गठ्ठे नेऊ नका. तसेही २५ हजारांपेक्षा जास्त भारतीय रुपये देशाबाहेर नेता येत नाहीत.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांसाठी खास: बसमध्ये गाईड माइकवरून सांगतो की कुणाला बाथ हवे असतील तर माझ्याकडे आहेत, दुकान शोधायला नको. सोय आहे हे खरं, पण भागाकार करा आणि मग ठरवा. पहिल्या दिवशीच्या पाणी-चहापुरते घ्या फार तर.

आता कार्ड. इथे खरी बचत आहे. साध्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर परदेशात बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे रेटवर जादा आकार, लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. दीड लाखाच्या खर्चावर सहा हजारांच्या वर जातात आणि बिलात ते वेगळ्या ओळीत, वेगळ्या तारखेला येतं म्हणून लक्षातही येत नाही. झिरो मार्कअपची कार्डं आता सहज मिळतात, महिनाभर आधी एक काढून ठेवा, त्यावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्ड कंपनीचा स्वतःचा रेट लागतो आणि तो मधल्या भावाच्या अगदी जवळ असतो. दोघांच्याही साइटवर कॅल्क्युलेटर आहे, तारीख टाकून बघता येतं. काढायच्या आधी एटीएमची फी आणि अटी वाचा, झिरो हा शब्द काही वेळा फक्त स्वाइपपुरता असतो. आणि ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करायला विसरू नका, आपल्याकडे नवीन कार्डावर तो बंदच येतो. ओटीपीसाठी सिम चालू ठेवायची सोय इथूनच करून जा.

पण चांगलं कार्ड असूनही पैसे घालवायचा एक सोपा रस्ता आहे आणि मी त्याच्यावरून गेलेय. पटायाला हॉटेलचं बिल भरताना रिसेप्शनवरच्या माणसाने मशीन माझ्याकडे फिरवलं, वर बाथ, खाली रुपये, दोन्ही आकडे. रुपये ओळखीचे, किती जाणार ते आत्ताच कळेल म्हणून मी रुपयांवर बोट ठेवलं. रात्री खोलीत भागाकार केला तर जवळपास सहा टक्के जास्त गेले होते, आणि वर माझ्या बँकेने परदेशातला रुपयातला व्यवहार म्हणून आणखी एक टक्का लावला. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात मशीनवाली कंपनी स्वतःच्या रेटने आधीच रुपये करून टाकते. तेव्हा नियम असा: परदेशात मशीनवर रुपये दिसले की नको म्हणायचं, नेहमी तिकडच्या चलनात. कधीकधी समोरचा न विचारताच रुपये दाबतो. स्लिपवर रुपये छापून आले तर तिथेच, काउंटर सोडायच्या आधी व्यवहार रद्द करून परत बाथमध्ये मारायला सांगा. मग मी तेच करायला लागले, दोनदा केलं, कुणीही वाद घातला नाही.

एटीएमवर हेच वेगळ्या शब्दांत येतं. शेवटच्या स्क्रीनवर विथ कन्व्हर्जन आणि विदाऊट कन्व्हर्जन असे पर्याय येतात, किंवा "कन्व्हर्जन स्वीकारा / नाकारा". नाकारा दाबलं तर पैसे येणार नाहीत अशी भीती वाटते. येतात. नाकारलं म्हणजे त्यांचा रेट नाकारला, तुमच्या कार्डाचा रेट लागतो.

थायलंडमधल्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त फी आहे, झिरो मार्कअप कार्ड असलं तरी ती त्यांची फी आहे, लागणारच. त्यामुळे रोज दोन-दोन हजार काढणं म्हणजे ११ टक्के जाळणं. तीच फी २० हजार बाथ एकदम काढल्यावर १.१ टक्का होते, आणि मग हा मार्ग डॉलरच्या मार्गाच्या बरोबरीला येतो. क्रेडिट कार्डाने एटीएममधून कधीच काढू नका, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर कॅश ॲडव्हान्सची फी.

मी स्वतः आता काय करते सांगते. हॉटेल, मॉल, तिकिटं झिरो मार्कअप कार्डावर. रस्त्यावरचं खाणं, टुकटुक, बोट, बाजार यासाठी डॉलर नेऊन बदललेले बाथ, कारण छोटे दुकानदार कार्डावर तीन टक्के वर मागतात. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत. आणि शंभर-दोनशे डॉलर न बदललेले, अडीअडचणीला.

फॉरेक्स कार्डाबद्दल, म्हणजे ज्यात आधीच परदेशी चलन भरून ठेवतात त्या कार्डाबद्दल, खूप विचारतात. युरोपला, अमेरिकेला ठीक आहे, रेट भरल्या दिवशी पक्का होतो, मुलं शिकायला गेली असतील तर फार सोयीचं. पण डॉलर भरलेलं कार्ड थायलंडला वापरलं की क्रॉस करन्सी चार्ज, म्हणजे डॉलरचे बाथ करायची फी, लागतो, तो पण बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बाथ भरता येत असतील असं कार्ड असेल तर भरायचा रेट विचारा आणि परत तोच भागाकार करा.

थायलंड सोडून थोडं. दुबईला गणित वेगळं आहे. तिकडचं चलन दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम असं बांधलेलं आहे, त्यामुळे इथला दिरहमचा भाव बरोबर आहे का ते लगेच तपासता येतं: दुकानदाराचा डॉलरचा भाव भागिले ३.६७२५. डॉलर ९०.९० असेल तर २४.७५ येतात. त्याच्या दहा-पंधरा पैसे वर दिरहम मिळत असतील तर सरळ दिरहमच घ्या, डॉलर मधे घालायची गरज नाही, मुंबईतून दुबईला एवढी माणसं जातात की दिरहम इथे भरपूर असतात. दुबईत बऱ्याच दुकानांत यूपीआय पण चालतं, पिन टाकायच्या आधी किती रुपये जाणार ते दिसतं, तिथेच भागाकार करून घ्या. सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशसलाही सुरू झालंय, पण त्याच्या भरवशावर रिकाम्या हाताने जाऊ नका.

बालीला गल्लीतल्या दुकानाच्या बाहेर सगळ्यांपेक्षा चांगला रेट लिहिलेला असेल तर आत जाऊ नका. छोट्या नोटांच्या गड्ड्या टेबलावर मोजून दाखवतात, मग परत घेऊन "पुन्हा मोजतो" म्हणतात आणि हात फिरताना मधल्या काही नोटा टेबलामागे जातात. शेवटी मोजणारे हात तुमचे असले पाहिजेत, मोजल्यावर गड्डी परत द्यायची नाही. व्हिएतनामला ५ लाख डाँग आणि २० हजार डाँग, दोन्ही नोटा निळसर आहेत, रात्री टॅक्सीत हमखास गफलत होते, वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा. नेपाळला १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी असा ठरलेला भाव आहे, दीडशे देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. भूतानचं चलन तर रुपयाला रुपया आहे, तिकडे बदलण्यात वेळच घालवू नका.

परत येताना. बाथ इथे विकायला गेलात तर घेताना गेले तसे देतानाही जातात, म्हणून शेवटच्या दोन दिवसांत हिशोब करून खर्च करत या. उरलेली रोख हॉटेलच्या शेवटच्या बिलात द्या आणि बाकी कार्डावर मारा, बहुतेक ठिकाणी असं करतात. नाणी इथे कुणी घेत नाही, ती एअरपोर्टवर पाण्याच्या बाटलीत संपवा. डॉलर उरले तर घाई करून विकायची गरज नाही, २,००० डॉलरपर्यंत नोटा स्वतःजवळ ठेवता येतात, त्याच्या वरच्या १८० दिवसांत परत करायच्या. आमच्या डायरीत आत्ता चारशे आहेत, त्यातल्या दोन नोटा सासूबाईंच्या घडीच्या, इथल्या बँकेत विचारून बघणार आहे.